शनिवारचं टेबल

काशीद. डिसेंबरातला शनिवार, संध्याकाळचे साडेसात. अलिबाग-मुरूड रस्त्याला लागून असलेल्या या परमिट रूममध्ये तोबा गर्दी आहे. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरीच्या नंबरांच्या गाड्या अर्ध्या डांबरावर, अर्ध्या मातीत उभ्या आहेत. दिवसभर बनाना बोटीत बसलेली, सुरूच्या सावलीत पडलेली माणसं अंधार पडताच वर आली आहेत. कुणाच्या पोटऱ्यांवर वाळू वाळून बसलेली, कुणाच्या खांद्यावर ओला टॉवेल. पायाखालच्या लाद्या करकरताहेत.

टेबलं बारा, वेटर दोन. त्यांतला एक कोवळा आहे, विशी नुकतीच ओलांडलेला, पायात रबरी चपला. दुसरा पन्नाशीचा, एका पायानं किंचित लंगडणारा. वर एक कॅप्टन आहे. तो ऑर्डर लिहून घेतो, ताट उचलत नाही. आणि गल्ल्यावर शेठ. शेठच्या मागे बाटल्यांची फळी, देवाचा फोटो, त्याला लाल बल्बांची माळ. शेठच्या पुढ्यात मोबाइल उभा केलेला, त्यावर मॅच चालू आहे. पाऊण तास मी समोरच बसलो आहे. एवढ्या वेळात शेठ खुर्चीवरून उठलेले नाहीत.

माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्याचं कुटुंब आहे. नवरा, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नवऱ्याची आई. चार सुरमई थाळ्या सांगून त्यांना बराच वेळ झाला आहे. आजींना गोळी घ्यायची आहे, पाणी हवं आहे.

"अहो दादा, साधं पाणी द्या ना."

कोवळा वेटर मान हलवतो. "साधा पानी नहीं है. बोटल लाऊँ?"

बेसिनच्या बाजूला पाण्याचा फिल्टर भिंतीला टांगलेला आहे, त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आचारी त्यातलंच पाणी तांब्यानं घेताना मला दिसतो. पोराला 'साधं पाणी नाही' असं म्हणायला सांगून ठेवलेलं असणार, कारण तो हे वाक्य खाली बघून म्हणतो. बाटली येते. छापील किंमत वीस रुपये, इथला दर चाळीस. नवरा वैतागतो, "एमआरपीपेक्षा जास्त कसे घेता?" यावर कॅप्टन म्हणतो, "हॉटेलात असंच असतं साहेब." आणि या एका बाबतीत कॅप्टनचं बरोबर आहे. हॉटेलात बसून घेतलेलं पाणी ही नुसती विक्री नसते, तिथे बसायची जागा आणि सेवाही दिली जाते, म्हणून छापील किमतीचं बंधन लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिला. सेवा दिली जाते, हे त्या निकालाचं मूळ आहे. आजी बाटलीचं झाकण फिरवू शकत नाहीत. पोरगा तोवर पुढच्या टेबलावर पोचलेला असतो. झाकण नात उघडते.

कोपऱ्यात, बेसिनला लागून, दोन खुर्च्यांचं एक लहान टेबल आहे. तिथे एक काका बसले आहेत. सत्तरीच्या आसपासचे, अंगात पांढरा सदरा, हाफ पँट, गळ्यात काळा दोरा. इथल्याच गावचे. त्यांच्यापुढे रमची एक निप, एक उकडलेलं अंडं, मीठ-मिरपूड. लंगडणाऱ्या वेटरनं निप त्यांच्या हातात दिली तेव्हा काकांनी ती उजेडात धरली, सील अंगठ्यानं चाचपलं आणि स्वतः फोडलं. जुन्या गिऱ्हाइकाची ही रीत आहे. सील डोळ्यांदेखत तुटलं पाहिजे. बाकीच्या टेबलांवर आज ही रीत पाळली जात नाही. पेग आतूनच ग्लासात ओतून येताहेत. खिडकीजवळच्या टेबलावरचा एक जण विचारतो, "माप कुठंय? इथं मोजून द्या." त्याला उत्तर मिळतं, "अंदर से ही आता है." तीस आणि साठ मिलीची मापं असतात, त्यांवर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का लागतो, आणि ती कपाटात ठेवायला दिलेली नसतात. विचारणारा पुन्हा विचारत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला भांडायचं नसतं, आणि हे गल्ल्यावर चांगलं ठाऊक आहे.

काकांचा ग्लास निम्मा झाला असताना दारात आठ जणांचा घोळका येतो. मोठा आवाज, एकसारखे टी-शर्ट, कुठल्या तरी कंपनीची ऑफिसची सहल. शेठ पहिल्यांदा मोबाइलवरून नजर काढतात. कॅप्टनकडे बघतात, मग कोपऱ्याकडे. एवढंच.

कॅप्टन काकांच्या टेबलाशी जातो.

"काका, उठा जरा. पार्टी आलीय. टेबल जोडायचंय."

काका वर बघतात. "माजं हाय अजून."

"हाय तर काउंटरला उभं राहून घ्या ना. शनिवार आहे, समजून घ्या."

"अरे बाला, अंडं तरी खाऊ दे."

कॅप्टन उत्तर देत नाही. तो अंड्याची बशी उचलतो आणि गल्ल्याच्या फळीवर नेऊन ठेवतो. मग निप नेतो. माणूस उठायच्या आधी त्याचं सामान उठतं. काका ग्लास हातात धरून उभे राहतात, एक हात टेबलाच्या कडेवर टेकवून, गुडघा सरळ व्हायला वेळ लागतो म्हणून. ते उभे राहतात न राहतात तोच त्यांच्या मागची खुर्ची ओढली जाते. टेबल घासत नेऊन शेजारच्या टेबलाला जोडलं जातं. आठ जण बसतात. त्यांच्यापैकी कुणाला कळलेलंही नाही की इथून एका माणसाला उठवलं गेलं, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

काका गल्ल्याच्या टोकाला उभे आहेत. जाणारा-येणारा प्रत्येक वेटर त्यांना कोपरानं चाटून जातो. ते ग्लास छातीशी धरून थोडे थोडे भिंतीकडे सरकतात.

मी उठून त्यांना माझ्या समोरची खुर्ची देतो. ते आधी नको म्हणतात, मग बसतात. अंड्याची बशी मी आणतो. "रोज येता का?" एवढं विचारल्यावर ते बोलायला लागतात. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. पावसाळ्यात जास्त, कारण तेव्हा इथं काळं कुत्रं नसतं. समुद्र खवळलेला, किनारा रिकामा, रस्त्यावर चिखल. "तवा हा कॅप्टन मला हात धरून बसवतंय," ते म्हणतात. "पंखा माज्याकडं फिरवतंय." मग छपराकडे बोट करतात. "निसर्गात हे पत्रं उडालं. समदं. तिकडं शेतात जाऊन पडलं. ते गोला करून आनायला मी हुतो, माजा पोरगा हुता. शेठनी तवा जेवू घातलं, नाय नाही म्हनत."

निसर्ग म्हणजे ३ जून २०२० चं चक्रीवादळ. या किनाऱ्यावर ते आलं तेव्हा काशीदची सुरूची झाडं शेकड्यानं आडवी झाली, घरांची छपरं गेली, आणि करोनाच्या टाळेबंदीमुळे बाहेरून कुणी येणार नव्हतं. त्या काळात हॉटेलं, टपऱ्या, खानावळी पुन्हा उभ्या राहिल्या त्या गावातल्या माणसांच्या हातांनी. पावसाळ्यात, आडवारी गल्ला चालतो तोही त्यांच्याच पैशांवर. शनिवार-रविवारची गर्दी पाहुण्यांची आहे. ती आता वाढते आहे, कारण मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत घालून तासाभरात मांडव्याला उतरता येतं, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून रस्त्यानंही अलिबाग जवळ आलं आहे. हा पाहुणा इथं एकदाच जेवतो. तो पुढच्या वर्षी आला तरी दुसरीकडे बसेल. त्याला जपण्यात गल्ल्याला फायदा दिसत नाही, म्हणून त्याच्याशी तोडून बोललं जातं. गावातला माणूस परत येणारच आहे, त्याला जवळपास दुसरी जागा नाही, म्हणून त्याला उठवलं जातं. दोघांनाही तीच वागणूक मिळते, पण मला दुसऱ्याचा अपमान मोठा वाटतो. पाहुणा उद्या घरी जाऊन चार लोकांना सांगेल, मोबाइलवर एक तारा देईल. काका कुणाला सांगणार?

पुण्याच्या बाईंना स्वच्छतागृहाला जायचं आहे. बायकांच्या दाराला कुलूप आहे. किल्ली गल्ल्यावर. म्हणजे बाईंनी भरलेल्या टेबलांमधून वाट काढत पुढे जायचं, फळीला टेकलेल्या पुरुषांच्या खांद्यावरून शेठकडे किल्ली मागायची, सगळ्यांदेखत. शेठ मॅचवरून नजर न काढता खिळ्याकडे बोट दाखवतात. किल्लीला लाकडाचा हातभर तुकडा बांधलेला आहे, कुणी चुकून घेऊन जाऊ नये म्हणून. बाई तो तुकडा हातात घेऊन परत टेबलांमधून जातात. त्यांची मुलगी उठून त्यांच्याबरोबर चालू लागते. कुलूप कशासाठी, तर पुरुष आत जातात म्हणून. मग कुलूप पुरुषांना लागायला हवं होतं, पण त्रास बायकांच्या वाट्याला आला आहे.

थाळ्या येतात. चारपैकी तीन. चौथी येईपर्यंत आजी हात मांडीवर ठेवून बसून राहतात आणि बाकीचे त्यांच्यासाठी थांबतात. कोवळा वेटर धावतो आहे. अक्षरशः धावतो, ओल्या लाद्यांवर, रबरी चपलांत, दोन्ही हातांत ताटं. त्याच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग आहे. त्याला एकाच वेळी चार टेबलांवरून हाका येतात, "ए भाऊ", "ओ छोटू", "बॉस", "शुक शुक". त्याचं नाव कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकांच्या तोंडीही आज माणुसकी कमी आहे, हे लिहिलं पाहिजे. आठ जणांच्या टेबलावरचा एक जण बर्फ उशिरा आला म्हणून त्याच्या अंगावर ओरडतो, आणि पोरगा "सॉरी सर" म्हणतो. बर्फ संपला आहे, शेठनी तो मागवलाच नाही. पोरगा हे सांगत नाही.

बाहेरच्या पडवीत कॉलेजची चार मुलं बसलेली आहेत. राज्यात बिअरला एकवीस आणि दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, पण त्यांच्या टेबलावर क्वार्टर ठेवताना कुणी वय विचारलेलं नाही. आता ती उठली आहेत. पैसे टेबलावर टाकून रस्ता ओलांडायच्या बेतात आहेत. एक जण शर्ट काढून खांद्यावर टाकतो. "चला, नाइट स्विमिंग!"

कोवळा वेटर हातातला ट्रे माझ्या टेबलाच्या कडेवर टेकवतो आणि बाहेर पळतो. मी मागे वळून बघतो. तो रस्त्याच्या मध्ये उभा राहून दोन्ही हात आडवे करतो. "भैया, नहीं. पानी में नहीं जाना. अंदर खींचता है." मुलं हसतात. तो हटत नाही. एक गाडी हॉर्न देत थांबते, तरी हटत नाही. शेवटी मुलांमधलाच एक जण म्हणतो, "जाऊ दे रे, रूमवर चल." ती मुरूडच्या दिशेनं चालू लागतात.

काशीदचा किनारा दिसायला सौम्य आहे, पांढरी वाळू, लांबच लांब उतार. पण पाण्याची ओढ जबर आहे आणि इथं माणसं बुडालेली आहेत. इथून वीसेक किलोमीटरवर मुरूडला १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. ते सहलीला आलेले होते, भर दिवसा, आणि दारूचा त्यात काही संबंध नव्हता. या मुलांच्या पोटात दारू आहे आणि बाहेर काळोख. त्यांना ती देणाऱ्यांपैकी एकच माणूस त्यांच्यामागे धावला.

तो परत येतो तेव्हा शेठचा आवाज चढतो. "किधर घूमता है रे? टेबल कौन देखेगा?" पोरगा ट्रे उचलतो. मी शेठना तिथूनच सांगतो, तो काय करत होता ते. शेठ माझ्याकडे बघतात, मान हलवतात, आणि पुन्हा मोबाइल.

आता बिलं येऊ लागली आहेत. पुण्याच्या टेबलावरचं बिल मुलगी हातात घेते आणि वाचते. ओळीनं. थाळ्या, पाण्याच्या दोन बाटल्या, वडिलांची एक बिअर, जेवणावर पाच टक्के जीएसटी, बिअरवर दहा टक्के व्हॅट. आणि त्याखाली 'सर्व्हिस चार्ज १०%'.

ती उठून थेट गल्ल्यावर जाते. "हा सर्व्हिस चार्ज काढा."

कॅप्टन मध्ये येतो. "मॅडम, कंपल्सरी आहे."

"नाहीये."

आणि खरंच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की हॉटेलानं बिलात सेवाशुल्क आपोआप धरायचं नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही, आणि ते दिलं नाही म्हणून कुणाला सेवा नाकारायची नाही. हॉटेलांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि त्यांना दंडही केला. मुलगी तारखा सांगत नाही. ती मोबाइल काढते आणि म्हणते, "मी १९१५ ला फोन लावू का?" राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा नंबर तिला पाठ आहे.

शेठ आता मॅच थांबवतात. "ताई, टॅक्स बघा ना किती वाढलेत. आम्ही काय करायचं?"

करांचं ते सांगतात ते खोटं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्यानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, आणि १४ जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. परवान्याची फी वर्षाची भरायची आणि धंदा वर्षातले सहा-सात महिने, तोही शनिवार-रविवार. हे ओझं आहे. पण फिल्टरमधलं पाणी द्यायला कर लागत नाही. आजींच्या बाटलीचं झाकण उघडून द्यायला, किल्ली दारालाच लटकवायला, बारा टेबलांना आणखी एक माणूस शनिवारपुरता लावायला, आणि तो परवडत नसेल तर स्वतः उठून चार ताटं पोचवायला उत्पादन शुल्काची अडचण येत नाही.

मुलगी म्हणते, "टॅक्स मी देतेच आहे. तो वेगळा लिहिलाय."

शेठ पेन काढतात. शेवटच्या ओळीवर काट मारतात, बेरीज हातानं करतात आणि बिल फिरवून देतात. कॅप्टन भिंतीकडे बघत राहतो. मुलगी पैसे देते, मग पर्समधून शंभरची नोट काढून कोवळ्या वेटरला शोधत जाते आणि त्याच्या हातात देते. कॅप्टनच्या नाही, पेटीत नाही. त्याच्या हातात.

तो माझं ताट न्यायला येतो तेव्हा मी त्याला हळूच विचारतो, बिलातला सर्व्हिस चार्ज तुम्हाला मिळतो का.

"वो तो शेठ का है," तो म्हणतो. "हमको टिप मिलता है, कभी कभी."

काका अंड्याचा शेवटचा तुकडा मिठात बुडवून खातात, हात बेसिनवर धुतात आणि सदऱ्याला पुसतात. मग गल्ल्याकडे जातात. त्यांना छापील बिल मिळत नाही, कधीच मिळत नसावं. शेठ तोंडी सांगतात, "दोनशे वीस."

काका खिशातून घडी केलेल्या नोटा काढतात. "एकशे नव्वद ना?"

"शनिवारचा रेट, काका. निपला तीस जास्त."

काका आणखी नोटा मोजायला लागतात. मी मागे उभा आहे. ऐकून घेतलं असतं तर मला बरं वाटलं नसतं, म्हणून बोलतो. "शेठ, काकांना तुम्ही टेबलावरून उठवलंत. निप अर्धी असताना उभं केलंत. त्यांच्याकडून शनिवारचा रेट कशाचा घेता?"

"तुम्ही नका मध्ये पडू साहेब. ते आमचे घरचे आहेत."

"घरच्या माणसाला पाहुण्यासाठी उठवलंत, ठीक. मग पाहुण्याचे पैसे तरी त्यांच्याकडून मागू नका."

पुण्याची मुलगी दारात थांबली आहे. लंगडणारा वेटर रिकामी ताटं हातात घेऊन थांबला आहे. शेठ आमच्याकडे बघत नाहीत, काकांकडे बघतात, आणि मला वाटतं ते इतक्या वेळात प्रथमच त्यांच्याकडे नीट बघताहेत. गल्ला उघडतात. काकांनी पुढे केलेल्या नोटांमधल्या दहाच्या तीन नोटा परत त्यांच्याकडे सरकवतात.

"घ्या काका. गर्दीत राहून गेलं."

काका त्या तीन नोटा घेतात, मोजतात, आतल्या खिशात ठेवतात, बटण लावतात. मग फळीवर हात टेकवून म्हणतात, "उद्या येतोय. टेबल ठेव माजं."

"उद्या रविवार आहे, काका."

"म्हाईत हाय. म्हनून तर आताच सांगतोय."

शेठ थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग कॅप्टनला हाक मारतात, "कोपऱ्यातलं टेबल उद्या सातला काकांचं. लिहून ठेव." कॅप्टन खिशातलं ऑर्डर लिहायचं केओटीचं पुस्तक काढतो, आणि काका तो लिहीपर्यंत तिथेच उभे राहतात.